डिकीतली पेटी

मराठी माणसाच्या मोटारीत काय काय सापडते, याची यादी एकदा निवांतपणे करण्यासारखी आहे. डॅशबोर्डवर गणपती किंवा स्वामी समर्थ, बंपरला लिंबू-मिरची, काचेवर टोलचा फास्टॅग, पुढच्या कप्प्यात आरसी-पीयूसीच्या प्रती आणि कुठल्याशा लग्नात मिळालेली सुपारी. मागे एक छत्री आणि पाण्याच्या तीन अर्धवट बाटल्या. डिकीत स्टेपनी, जॅक, सतरंजी आणि गावाहून आणलेल्या तांदळाच्या पिशवीतून सांडलेले दाणे. या सगळ्याच्या तळाशी एक लहानशी पेटी असते. तिच्यावर अधिकाचे चिन्ह असते. मोटार घरी आली त्या दिवशी ती जशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली होती, तशीच बहुतेकांकडे आजही असते.

ही पेटी विक्रेत्याने आपल्यावर खूश होऊन दिलेली नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १३८व्या नियमात प्रथमोपचार पेटीची तरतूद आहे, म्हणून ती मिळते. नियम चांगला आहे. पण नियम पाळण्यासाठी ठेवलेली वस्तू आणि वापरण्यासाठी ठेवलेली वस्तू यांत फरक असतो. बँकेत भिंतीवर वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असत, तसाच. तपासणीला माणूस आला की त्याने बादल्या मोजायच्या. आत वाळू आहे की पानाच्या पिचकाऱ्या, हे पाहण्याची पद्धत नव्हती.

मी ही पेटी मुद्दाम उघडून पाहिली. माझी, आणि मग हौसेने शेजाऱ्यांच्याही दोन-तीन. मलमाची नळी, चार-सहा चिकटपट्ट्या, कापसाचा एक गुंडाळा, गॉझचा हातरुमालाएवढा तुकडा, एक बारीक बँडेज आणि कागदही रडतखडत कापेल अशी कात्री. गुडघा खरचटला, दारात बोट सापडले, तर एवढे पुरेसे आहे. पण गुडघा खरचटून रस्त्यावर कोणी मरत नाही.

या वस्तूचा इतिहास मजेशीर आहे. प्रथमोपचाराच्या तयार पेट्या अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने १८८८ साली काढल्या, त्या रेल्वेच्या कामगारांसाठी. रूळ टाकताना हातपाय चिरडले जात आणि डॉक्टर कित्येक मैलांवर असे. म्हणजे मूळ पेटी होती ती मोठ्या जखमांसाठी, दूरच्या डॉक्टरपर्यंत माणूस जिवंत पोचावा यासाठी. पुढे १९२० साली याच कंपनीतल्या अर्ल डिक्सन नावाच्या नोकराने, स्वयंपाक करताना बायकोची बोटे सारखी कापतात म्हणून, चिकटपट्टीवर गॉझचा तुकडा लावला आणि बँडएड जन्माला आली. सोयीची वस्तू, घरोघर गेली. पण पाहता पाहता रुळांवरून निघालेली पेटी स्वयंपाकघरात येऊन बसली, आणि आता तीच स्वयंपाकघरातली पेटी आपण ताशी शंभर किलोमीटरने घाटातून फिरवतो आहोत.

तेव्हा पेटीत काय ठेवायचे हे ठरवण्याआधी ती कोणासाठी ठेवायची, हे ठरवले पाहिजे. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. मेलेल्यांत चव्वेचाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते आणि जवळजवळ वीस टक्के पायी चालणारे. आपल्यासारखे काच वर करून, पट्टा बांधून, एअरबॅगच्या मागे बसलेले लोक या हिशेबात अल्पसंख्य आहेत. म्हणजे तुमच्या मोटारीतली पेटी उघडण्याची वेळ आली, तर ती बहुधा तुमच्यासाठी नसेल. रस्त्याच्या कडेला पडलेल्या, नावगाव माहीत नसलेल्या माणसासाठी असेल. एकदा हे मनाशी मान्य केले की पेटीतली मलमाची नळी आपोआप बाहेर निघते.

अशा माणसाला वाचवणे म्हणजे काय, ते मी ज्याच्याकडून पाहिले तो डॉक्टर नव्हता. १९९४ साली मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. आमचा सशस्त्र रक्षक मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेला हवालदार. सगळी शाखा, मॅनेजरसकट, त्यांना ‘हवालदारसाहेब’ म्हणे. साताऱ्याच्या चेस्टमध्ये रोकड भरून आम्ही रिकाम्या जीपने परतत होतो. उसाचा हंगाम, दिवेलागण झालेली. पुढे गर्दी दिसली. मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर एक मोटारसायकल आदळली होती. पंचविशीचा तरुण, उजवी मांडी जांघेपाशी लोखंडाने फाटलेली, आणि रक्त असे येत होते की डांबर चमकत होते.

भोवती वीस-पंचवीस माणसे. वाईट कोणीच नव्हते. एकजण पाण्याचा तांब्या घेऊन वाकला होता, दुसरा चप्पल हुंगवत होता, तिसरा ‘हात लावू नका, पंचनामा व्हायचाय’ असे सांगत होता. ट्रॅक्टरवाला डोके धरून बसला होता. हवालदारसाहेबांनी बंदूक ड्रायव्हरच्या हवाली केली आणि म्हणाले, “पानी पाजू नगा कुनी. सायब, बॅटरी धरा हितं.” खिशातून त्यांनी खाकी कापडाचे एक पुडके काढले. सैन्यात प्रत्येक जवानाजवळ असते ते फील्ड ड्रेसिंग. ते त्यांनी जखमेवर नुसते ठेवले नाही, आत कोंबले. त्यावर एका म्हाताऱ्याच्या फेट्याची घडी कोंबली, आणि मग आपला गुडघा त्यावर रोवून सगळे वजन टाकले. पोरगा किंचाळला. गर्दीतली एक बाई म्हणाली, “अवो, मारताय का त्याला?” ते म्हणाले, “वरडतोय न्हवं? वरडू दे. वरडायचा थांबला की मला सांगा.”

त्या गुडघ्यासकट आम्ही दोघांना जीपमध्ये घातले. वाटेतल्या पहिल्या खासगी इस्पितळाने दारातूनच सांगितले, ‘पोलीस केस आहे, सिव्हिलला न्या.’ सिव्हिल चाळीस मिनिटांवर होते. चाळीस मिनिटे हवालदारसाहेबांनी गुडघा हलवला नाही. तो तरुण जगला. पुढच्या श्रावणात कुबडी टेकत शाखेत आला आणि त्यांच्या पायांवर डोके ठेवायला वाकू लागला. वाकता येईना, म्हणून दोघेही हसत सुटले.

यात पेटीचा सगळा अर्थ आला, असे मला वाटते. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. मांडीतली मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांत खेळ संपतो. रुग्णवाहिका कितीही वेगाने आली तरी तेवढ्यात येत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा आहे आणि तिने असंख्य माणसे वाचवली आहेत, पण ती येईपर्यंतची पहिली दहा-पंधरा मिनिटे कोणाची? जो तिथे उभा आहे त्याची. म्हणून पेटी भरायची ती या मिनिटांसाठी.

सर्वांत आधी, तीन-चार जोड हातमोजे, नायट्रिलचे. अनोळखी रक्तात हात घालायची भीती वाजवी आहे आणि बरीच माणसे तेवढ्यासाठी मागे सरतात. मोजे चढवले की हात पुढे होतो. मग बोथट टोकाची दणकट कात्री, जीन्स, रेनकोट, कमरेचा पट्टा सरळ कापणारी. जखम दिसल्याशिवाय दाबणार कुठे? कपडे ओढून काढायचे नाहीत, कापायचे.

मग गॉझ, आणि तो भरपूर. एक तुकडा नव्हे, चार इंची सहा-आठ रोल. दंड, पिंढरी, मांडी असेल तर जखमेवर गॉझची जाड घडी ठेवून दोन्ही हातांनी, कोपरे ताठ ठेवून दाबायचे. जांघ किंवा काख असेल तर गॉझ जखमेच्या पोटात बोटांनी भरत जायचे आणि मग दाबायचे. निदान दहा मिनिटे, मधे उचलून ‘थांबले का’ बघायचे नाही. रक्त वर आले तर पहिला थर न काढता त्यावर दुसरा. रक्त गोठवणारा औषधी गॉझही मिळतो. त्यातल्या एका प्रकारातले कायटोसॅन हे द्रव्य कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात, हे कळल्यावर माझ्यातल्या कोकण्याला फार बरे वाटले. महाग असतो, परवडला तर घ्यावा. नाही तर साधा गॉझ आणि भक्कम दाब यांनी बहुतेक काम होते. कापूस मात्र थेट जखमेवर नको, त्याचे तंतू आत चिकटतात. हळद, कॉफीची पूड, चुना-तंबाखू यांचे स्थान दुसरीकडे आहे. चाकूने बोट कापले तर आजीची हळद खुशाल लावा. धमनीसमोर ती वाहून जाते.

दाबून भागत नाही अशा हाता-पायाच्या रक्तस्रावासाठी टूर्निकेट. रुंद पट्टा आणि तो पिळून आवळायला एक दांडा, एवढेच त्याचे यंत्र. फ्रेंच शल्यविशारद झाँ-लुई पेती याने १७१८ साली स्क्रूचे टूर्निकेट काढले. त्यानंतर कित्येक पिढ्या डॉक्टर त्याला बिचकत आले, कारण आवळून ठेवलेला अवयव मरतो. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांनी हे मत बदलले. थोड्या वेळात शल्यविशारदापर्यंत पोचणाऱ्या जखमीचा पाय टूर्निकेटमुळे सहसा जात नाही, आणि न बांधल्याने जीव मात्र जातो, हे तिथे दिसले. जखमेच्या वर, हृदयाच्या बाजूला दोन-तीन इंचांवर बांधायचे. कोपर किंवा गुडघ्याच्या सांध्यावर नाही. रक्त थांबेपर्यंत पिळायचे. जखमी ओरडेल, हवालदारसाहेबांचे वाक्य आठवावे. बांधल्याची वेळ मार्करने ठळक लिहून ठेवायची, आणि मग डॉक्टरशिवाय कोणी सैल करायचे नाही. दोरी, तार, बुटाची नाडी असले बारीक काही आवळू नये, ते मांसात रुतते आणि रक्त थांबत नाही. बाजारात नकली मालही आहे, त्याचा दांडा ऐन वेळी मोडतो. म्हणून इथे काटकसर करू नये. आणखी एक: आपल्याकडे साप चावला की वर दोरी आवळण्याची जुनी खोड आहे. सर्पदंशाला टूर्निकेट बांधायचे नाही. अवयव न हलवता थेट इस्पितळ गाठायचे.

उरलेले पटकन सांगतो. दोन त्रिकोणी पट्ट्या, ज्या स्काउट किंवा एनसीसीत गेलेल्यांना आठवत असतील. जर्मन शल्यविशारद एस्मार्कने त्या गेल्या शतकाच्याही आधी लोकप्रिय केल्या आणि अजून त्यांना पर्याय नाही. दोन रुंद क्रेप बँडेज. कापडी चिकटपट्टीचा रोल. घडी केली की खिशात मावणारे चंदेरी ब्लँकेट, कारण रक्त गेलेला माणूस मे महिन्यातही गारठतो आणि गारठलेल्याचे रक्त नीट गोठत नाही. डोक्याला बांधायची बॅटरी, म्हणजे ती धरायला साहेब लागत नाही. चकाकणारे जाकीट. मोडलेल्या हाताला आधार म्हणून वेगळे काही घेण्याची गरज नाही. मागची छत्री आहे, आणि घट्ट गुंडाळलेली रविवारची पुरवणीही चालते. लेखकांच्या नशिबी एवढा उपयोग क्वचित येतो.

काय ठेवू नये, हेही सांगायला हवे. परदेशी याद्यांत सुया, टाके घालायचे सामान, घशात घालायच्या नळ्या असतात. आपण तिकडे जाऊ नये. औषधेही नकोत. उन्हाळ्यात बंद मोटारीची भट्टी होते, आणि नागपूर-चंद्रपूरकडच्या वाचकांना मी हे सांगण्याची गरज नाही. स्वतःची रोजची औषधे स्वतःच्या पिशवीत असावीत.

आणि ही पेटी डिकीत नको. मागून धडक बसली की डिकी उघडत नाही; लग्नाला निघालो असलो तर तिच्यावर चार बॅगा असतात. पुढच्या सीटखाली किंवा मागच्या सीटच्या पायाशी, सगळ्यांना माहीत असेल अशा जागी ती हवी. डिकीत राहू दे तो लाल त्रिकोण. थांबल्यावर पहिले काम त्याचेच: आपली मोटार सुरक्षित बाजूला, इंडिकेटर चालू, जाकीट अंगावर, आणि त्रिकोण मागे चांगल्या शंभर पावलांवर. समृद्धीसारख्या रस्त्यावर मदतीला वाकलेला माणूसच पुढच्या गाडीखाली यायला वेळ लागत नाही. मग १०८ किंवा ११२, आणि राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३. फोनवर ‘तो घाट संपल्यावर एक धाबा आहे ना’ असे सांगू नये. जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा सांगावा. तो आकडा गॉझइतकाच मोलाचा आहे.

जखमीला उचलण्याची घाई हा आपला राष्ट्रीय दोष. दोघांनी हात, दोघांनी पाय, आणि गाठोडे टेम्पोत. मणका दुखावला असेल तर माणूस जन्माचा लुळा होतो. आगीचे किंवा अंगावर वाहन येण्याचे भय नसेल, तर आहे तिथेच डोके-मान दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवावी. श्वास अडत नसेल तर हेल्मेटही काढू नये. खुपसलेली सळई, काच उपसू नये. पाणी देऊ नये. शुद्ध हरपत असेल तर ते श्वासनलिकेत जाते. मात्र रक्त वाहत असताना रुग्णवाहिकेला तास लागणार असेल, तर हवालदारसाहेबांनी केले तेच करावे. नियमांनाही क्रम असतो.

आता त्या इस्पितळाच्या दाराकडे वळू. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले होते की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, पोलिसी सोपस्कार नंतर. म्हणजे आम्हाला दारातून परत पाठवले तेव्हा हा निकाल पाच वर्षांचा झाला होता. तो त्या दारापर्यंत आला नव्हता, आणि रस्त्यावरच्या त्या पंचनामावाल्या गृहस्थापर्यंतही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याला मुंजीतल्या मंत्रासारखे पाठ असते. गर्दी निर्दय नव्हती. तिला साक्षीदार व्हायची भीती होती, आणि त्या काळी ती खोटीही नव्हती.

पण आज तिला आधार उरलेला नाही. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आणि २०२० साली त्याचे नियम. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, जखमी दगावला तरी, दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. इस्पितळ त्याला अडवून ठेवू शकत नाही की उपचाराचे पैसे मागू शकत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही, हे त्याच्या मर्जीवर. हे हक्क इस्पितळाच्या प्रवेशद्वारी स्थानिक भाषेतही लावायचे आहेत. मी अलीकडे जातो तिथे ती पाटी शोधतो. सापडली नाही तर खिडकीवर विचारतो. ‘कसली पाटी?’ असे उत्तर आले तर कलमाचा आकडा कागदावर लिहून देतो. निवृत्त माणसाला वेळ असतो. पैशांच्या बाजूने २०२५ च्या मे महिन्यात केंद्राची योजना लागू झाली आहे. तिच्यात रस्ता अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळायचे आहेत. दारात पहिला प्रश्न ‘पैसे कोण भरणार’ हा असे. त्याला आता उत्तर आहे.

राहिला शिकण्याचा प्रश्न. जर्मनीत मोटारीत ठरावीक प्रमाणाची पेटी सक्तीची आहे, आणि प्रथमोपचाराचा वर्ग केल्याशिवाय परवानाच मिळत नाही. आपण परवान्यासाठी आठाचा आकडा काढतो. सेंट जॉन अँब्युलन्स आणि रेड क्रॉस यांचे वर्ग आपल्याकडे आहेत. एका रविवारचे काम. टूर्निकेट घरी आणल्यावर आधी स्वतःच्या मांडीवर, मग डोळे मिटून, मग एका हाताने बांधून पाहावे. आमच्या सोसायटीच्या सभागृहात आम्ही हे केले, तेव्हा सर्वांत चपळ निघाल्या त्या पोळ्या करायला येणाऱ्या मावशी. त्यांचा मुलगा घरोघर जेवणाचे डबे पोचवतो, दिवसभर दुचाकीवर. त्यांनी प्रश्नही सर्वांत जास्त विचारले.

बँकेची एक सवय मला सुटलेली नाही. ३१ मार्च आणि ३० सप्टेंबर हे माझे अर्धवार्षिक हिशेबाचे दिवस. त्या दिवशी पेटी सीटखालून काढून वर्तमानपत्रावर रिकामी करायची, यादीबरोबर ताडून पाहायची, मुदती वाचायच्या. गेल्या खेपेला चिकटपट्टीचा गोंद उन्हाने वितळून वेष्टनाबाहेर आला होता, मोज्यांचा एक जोड एकमेकांना चिकटला होता आणि मार्कर वाळला होता. मी नव्या वस्तूंची चिठ्ठी करत होतो, तेवढ्यात ही एक पुडके घेऊन आली. तिच्या आईच्या सुती नऊवारीचे मीटरभर चौकोनी कापड, उकळून, इस्त्री करून. त्रिकोणी पट्टीसाठी याहून मऊ कापड दुकानात मिळत नाही. तिरके कापायला मी कात्री उचलली. तिने ते आधीच कापून ठेवले होते.